सरांनी खोडलेली ओळ

बायको पाहून-पारखून करता येते. पण बायकोची बहीण कोणाला पसंत करते त्यावर कोणाचा इलाज चालत नाही. साडू हा देवाने नेमून दिलेला प्राणी आहे, आणि देव नेमताना कधीकधी चेष्टेच्या मूडमध्ये असतो. मिस्त्रीच्या वाट्याला असे 'सर' आले.

सर कुठल्याही शाळेत सर नव्हते. आयुष्यात एकाही नोकरीत ते नऊ महिन्यांच्या वर टिकले नव्हते. विमा विकून झाला, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकून झाली, एका डॉक्टरच्या दारात बसून नंबर पुकारून झाले. शेवटी ज्याला स्वतःची नोकरी सांभाळता येत नाही तो जे करतो तेच त्यांनी केलं. नोकरी कशी मिळवावी, हे ते दुसऱ्यांना शिकवायला लागले. लोखंडी जिन्याने वर गेलं की एक खोली, खोलीत प्लास्टिकच्या बावीस खुर्च्या, एक पांढरा फळा आणि दारावर पाटी : 'प्रभावी रेझ्युमे : यशाची पहिली पायरी'. त्या जिन्याच्या पहिल्या पायरीचा पत्रा निखळलेला होता. येणारा प्रत्येक विद्यार्थी तिथे ठेचकाळायचा. सर स्वतःही दिवसातून दोनदा ठेचकाळायचे, पण त्यात हसण्यासारखं काही आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

त्यांची सासूही त्यांना 'सर' म्हणे. आता बोला.

मिस्त्रीला मात्र सगळे मिस्त्रीच म्हणत. चोवीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. ज्या कंपनीत होता तिने एका शुक्रवारी दुपारी दुरुस्तीचं खातंच बंद केलं, आणि साठ माणसांना एकेक पेन भेट देऊन घरी धाडलं. त्याला आता पाच महिने होत आले होते. नियम असा होता की मेकॅनिकचा परवाना सहा महिने कुठल्याही मालकाच्या पत्राशिवाय राहिला तर रद्द. मग पहिल्यापासून परीक्षा, ती लेखी, तीही संगणकावर, विशीतल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून. मिस्त्री सत्तेचाळीस वर्षांचा. पहिल्या वेळी ती लेखी परीक्षा तो तिसऱ्या खेपेला पास झाला होता, तेव्हा तर नजरही चांगली होती. परवाना गेला की मिस्त्री संपला, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोलाही.

अशात मोठ्या रुग्णालयाची जाहिरात आली. अकरा लिफ्ट, मेकॅनिकची एकच जागा, आणि मुलाखतीच्या दिवशी पाच वाजेपर्यंत अर्ज घेतले जातील असं खाली बारीक अक्षरात. परवान्याचे पस्तीस दिवस उरले होते.

मिस्त्रीने वहीचा एक रेघी कागद फाडला आणि त्यावर सात ओळी लिहिल्या. नाव, वय, पत्ता. परवान्याचा क्रमांक. चोवीस वर्षं काम, दोराच्या आणि तेलाच्या दोन्ही प्रकारच्या लिफ्टवर. ब्रेक, दोर, दरवाजे स्वतः करतो; नव्या पॅनलचं संगणकी काम येत नाही, शिकेन. मग पाचवी ओळ : 'चौथ्या वर्षी माझ्या हातून तार राहून गेली. लिफ्ट उघड्या दाराने हलली. कोणाला लागलं नाही. त्यानंतर वीस वर्षं राहिली नाही.' सहावी, केव्हाही बोलावलं तर येतो. सातवी, सही.

बायकोने कागद वाचला.

"हा अर्ज आहे की वाण्याची यादी?"

"काय कमी आहे त्यात?"

"कमी नाही, जास्त आहे. ही तार कसली?"

लिफ्टचं दार उघडं असलं तर लिफ्ट हलता कामा नये, म्हणून दाराला विजेचं कुलूप असतं. दुरुस्ती करताना मेकॅनिकला उघड्या दारानेच लिफ्ट हलवून बघावी लागते. तेव्हा तो एक तारेचा तुकडा लावून त्या कुलपाला तेवढ्यापुरतं फसवतो. काम झालं की तार काढायची. ती काढायची राहिली, तर लिफ्ट उघड्या दाराने चालू पडते आणि कोणाचा पाय कुठे आहे ते बघत नाही. मिस्त्रीने हे बायकोला सांगितलं, आपण आज सांगतोय याचं त्याला काहीच वाटलं नाही.

"वीस वर्षं झाली, मला कधी बोलला नाहीत!"

"तू कधी विचारलंस, आज कोणाला मारता मारता राहिलात म्हणून?"

बायकोने कपाळाला हात लावला आणि चपला घातल्या. "चला. सरांकडे."

"त्या माणसाकडे मी..."

"तुमचा खरेपणा त्या तुमच्या पेटीत ठेवा. नाहीतरी तिला कुलूप नाही, कधीही काढता येईल."

त्या पेटीवर बायकोचा जुनाच राग होता. हत्यारांची ती पत्र्याची पेटी, तिची कडी कधीची तुटलेली, आणि मिस्त्री झाकणाच्या दोन भोकांतून लाल तारेचा तुकडा ओवून ती बंद करायचा. तिने दोनदा नवं कुलूप आणून दिलं. दोन्ही कुलपं कपाटात पडून होती. चोवीस वर्षांचा मेकॅनिक आणि पेटीला तार, म्हणजे न्हाव्याच्या डोक्यात जटा, असं ती म्हणायची.

*

सरांनी कागद दोन बोटांत धरला, कोणाचा तरी ओला मोजा धरावा तसा.

"हे काय आहे, साडूभाऊ?"

"बायोडेटा."

"बायोडेटा लग्नाचा असतो. नोकरीचा तो रेझ्युमे." सर खुर्चीत मागे रेलले. मेहुणीने चहा ठेवला आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. सरांनी आख्यान लावलं की री ओढायचं काम तिच्याकडे असे, आणि बाईने ते इमानाने केलं. कीर्तनात मागे उभा असलेला टाळकरी तरी बुवांचं काय चाललंय ते ऐकतो. हिला तेही लागत नसे.

"तुम्ही इथे लिहिलंय, लिफ्ट दुरुस्त करतो."

"करतोच."

"करता हो. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येतं? ग्रीस!" सरांनी बोटं झटकली. "आपण लिहू, 'उभ्या वाहतूक यंत्रणेचे सर्वंकष व्यवस्थापन'."

"म्हणजे काय?"

"म्हणजे लिफ्ट."

"मग लिफ्टच लिहा की."

"भाऊजी, त्यांना करू द्या ना," मेहुणी म्हणाली. "बावीस जणांना लावलंय त्यांनी."

"कुठे लावलंय?" मिस्त्रीच्या बायकोने विचारलं. बहीण झाली म्हणून काय झालं.

"मार्गाला!" मेहुणी म्हणाली.

सर पुढे सरकले. "संगणकी काम येत नाही? हे असं लिहितात? 'नवतंत्रज्ञान आत्मसात करण्याची तीव्र आंतरिक ओढ.' हाताखाली किती माणसं होती?"

"एकटाच असायचो. जड काम असलं तर दुसरा यायचा."

"म्हणजे दोन. बहुविध गटांचे यशस्वी नेतृत्व. आवडीनिवडी?"

"नाहीत."

"नाहीत कशा? वाचन, संगीत, प्रवास."

"प्रवास?" मिस्त्रीच्या बायकोला हसू फुटलं. "आहे बाई, आहे. चोवीस वर्षं वर-खाली, वर-खाली. एवढा प्रवास कोणी केलाय?"

सर हसले नाहीत. ते पाचव्या ओळीवर पोचले होते. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि त्या ओळीवर एक रेघ मारली, मग दुसरी, मग उलट्या बाजूने तिसरी. वर्गात ते अशीच रेघ मारत; तेवढाच त्यांना मास्तर झाल्याचा आनंद.

"ही आत्महत्या आहे, साडूभाऊ. दुकानदार आपल्या पोत्यावर पाटी लावतो का, की यात एकदा किडे झाले होते?"

"नाही लावत. म्हणून तर आपण धान्य निवडून घेतो."

"तुम्हाला नोकरी हवी आहे की पापाची कबुली द्यायची आहे?"

मिस्त्रीने चहाचा कप खाली ठेवला. तो फार बोलणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी बोलला. "सर, लिफ्टच्या कामात ज्याच्या हातून एकदा तार राहिली, तो पुन्हा दहा वेळा बघतो. जो म्हणतो माझ्या हातून कधी राहिलीच नाही, त्याच्यापासून मी लांब असतो. एकतर तो खोटं बोलतोय, नाहीतर त्याची अजून राहायची आहे."

"वा! छान! आणि हे तुम्ही कोणाला ऐकवणार? परवाना रद्द करणाऱ्याला?"

मेहुणीने मान डोलावली. नेमकं वर्मावर बोट ठेवण्यापुरती अक्कल देवाने सरांना दिली होती. बाकी सगळा पोकळ बांबू.

मग सर लिहायला लागले आणि मोठ्याने वाचायला लागले. 'चोवीस वर्षांची संपूर्ण निर्दोष व अपघातमुक्त सेवा.'

"हे खोटं आहे," मिस्त्री म्हणाला.

"खोटं नाही. सकारात्मक आहे."

लबाडीला इतकं गोंडस नाव देण्यासाठी सर जर महिन्याची फी घेत असतील, तर ती त्यांना फुकट मिळत नव्हती म्हणायची.

*

घरी येताना भाजीच्या दुकानाशी बायको म्हणाली, "मलाही ते पटलं नाही."

"मग झालं तर."

"झालं नाही. पस्तीस दिवस आहेत. पटणं न पटणं छत्तिसाव्या दिवशी बघू. तुमची चूक देवाला माहीत आहे ना?"

"आहे."

"त्याच्या वहीत नोंद आहे ना?"

"असणारच."

"मग दवाखान्याच्या वहीत कशाला हवी? दोन-दोन ठिकाणी नोंद ठेवायला तुम्ही काय सरकारी माणूस आहात?"

बायको वकिली शिकली असती तर गावाचं वाटोळं झालं असतं, असं तो मनाशी म्हणाला आणि सरांच्या छापील कागदावर त्याने सही केली. सही करताना पेन अडलं. कंपनीने भेट दिलेलं पेन होतं, ते तसंही अडायचंच. रेघी कागद त्याने घडी करून पेटीत, हत्यारांच्या वरच्या कप्प्यात टाकला.

पंधरा दिवसांनी मुलाखतीचं पत्र आलं. सर मिठाईचा डबा न आणता पण मिठाई खायला म्हणून आले. "बघितलंत? कागदाची ताकद!" जाताना दारात वळून म्हणाले, "आणि हो, ती पेटी नेऊ नका. हमाल वाटाल. फक्त मी दिलेली ती सोनेरी ताऱ्याची निळी फाईल. जागा तुमचीच आहे, मी बोलून ठेवतो."

कोणाशी बोलून ठेवणार होते ते देव जाणे. बहुतेक आरशाशी.

*

मिस्त्री पेटी घेऊन गेला. मुद्दाम नाही. पेटी हातात नसली की आपण काहीतरी कुठे विसरून आलो असं त्याला रस्ताभर वाटत राहायचं, आणि मुलाखतीला जाताना आधीच काय कमी वाटत होतं!

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एका लांब वाटेत चौदा जण बसले होते. फिनेलचा वास, भिंतीला लावलेली स्ट्रेचर, आणि समोर चार नंबरची लिफ्ट, जिच्या दारावर 'बंद आहे' अशी पाटी दोरीने बांधलेली. मिस्त्रीने आधी त्या लिफ्टकडे पाहिलं, मग माणसांकडे. चौदांतल्या नऊ जणांच्या मांडीवर निळी फाईल होती. तशीच. कोपऱ्यावर तोच सोनेरी तारा चिकटवलेला. सर सर्वांसाठीच बोलून ठेवणारे निघाले.

"काय काका, नळ गळतोय कुठे?" शेजारच्याने पेटीकडे पाहून विचारलं.

"तुमचा तारा निघायला आलाय," मिस्त्री म्हणाला. त्या माणसाने घाईघाईने तारा अंगठ्याने दाबला.

आतून एकेक जण बाहेर येत होता. प्रत्येकाचा चेहरा असा, की आपण उत्तर तर पाठ केलेलंच दिलं, मग समोरच्यांनी जांभई का दिली.

मिस्त्रीचं नाव पुकारलं. पेटी दाराशी ठेवून आणि फाईल हातात घेऊन तो आत गेला. टेबलामागे तिघं होती. मध्ये गळ्यात टाय घट्ट करून बसलेला भरती अधिकारी. त्याच्या डावीकडे रुग्णालयाचे इंजिनिअर, जे सगळा वेळ आपल्या फोनकडे बघत होते आणि शेवटपर्यंत बघत राहिले. त्यांच्याविषयी आणखी लिहिण्यासारखं काही नाही. उजवीकडे मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सची मुख्य, पांढऱ्या केसांची, हात टेबलावर एकावर एक ठेवलेली बाई. त्या इमारतीत शब्द अधीक्षकांचा चालायचा आणि अधीक्षकांवर मेट्रनचा.

अधिकाऱ्याने निळी फाईल उघडली. "'उभ्या वाहतूक यंत्रणेचे सर्वंकष व्यवस्थापन'," त्याने वाचलं. "हे वाक्य मी सकाळपासून सातव्यांदा वाचतोय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, चौकातला पोलीस आलाय."

मिस्त्रीचे कान तापले.

"वाचन, संगीत, प्रवास," अधिकारी पुढे वाचत गेला. "सातही जणांना वाचन, संगीत, प्रवास. एकाच आईची लेकरं का हो तुम्ही?"

"ते पुरे," मेट्रन म्हणाल्या. "मिस्त्री, मला एकच सांगा. काम संपलं हे तुम्हाला कळतं कसं?"

हा प्रश्न त्यांनी सकाळपासून सगळ्यांना विचारला होता. एकाने 'मनाला समाधान लाभलं की' असं सांगितलं होतं. दुसऱ्याने 'ग्राहकाच्या चेहऱ्यावर हसू उमटलं की'. तिसऱ्याने 'शंभर नव्हे, एकशे दहा टक्के दिले की'. सरांनी पाठ करून घेतलेल्या उत्तरांचा साठा मोठा होता.

"पेटी बंद झाली की," मिस्त्री म्हणाला.

"कसली पेटी?"

"दाराशी आहे. आणू?"

अधिकाऱ्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मेट्रननी होकाराची मान हलवली. मिस्त्रीने पेटी आणून टेबलावरच ठेवली, टाय असलेल्या माणसाच्या कागदांशेजारी, आणि झाकणातून लाल तार ओढून काढून बाजूला ठेवली.

"आता बंद करा," तो मेट्रनना म्हणाला.

मेट्रननी झाकण दाबलं. ते वर आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा वर आलं. झाकणाखाली एक जाड स्प्रिंग होती, ती झाकणाला वर ढकलायची.

"तार ओवल्याशिवाय बंद होत नाही," मिस्त्री म्हणाला. "आणि दाराच्या कुलपाला लावतो ती तारही हीच. माझ्याकडे दुसरी तार नाहीच. ती लिफ्टमध्ये राहिली, तर पेटी उघडी. उघडी पेटी घेऊन जिना उतरता येत नाही, सगळी हत्यारं सांडतात. मग वर जावंच लागतं."

मेट्रन पेटीकडे बघत राहिल्या. "दोन महिन्यांपूर्वी," त्या म्हणाल्या, "बाहेरची ती चार नंबरची..."

"मॅडम, तो विषय इथे नको," अधिकारी म्हणाला.

"विषय माझ्या आयाबाईच्या पायाचा आहे, तुमच्या नव्हे. उघड्या दाराने हलली. आत एवढाच तारेचा तुकडा सापडला. लावणारा मेकॅनिक कागदावर फार हुशार होता." त्यांनी लाल तार उचलली. "ही युक्ती तुम्हाला कोणी शिकवली?"

अधिकाऱ्याच्या कोपराखाली निळी फाईल उघडी होती, आणि त्यात 'संपूर्ण निर्दोष व अपघातमुक्त' ही अक्षरं मिस्त्रीला उलट्या बाजूनेही वाचता येत होती. ज्याच्या हाताखाली काम शिकलो त्या उस्तादाने शिकवली, एवढं म्हटलं की भागत होतं. उस्ताद वारला होता, कोणी विचारायला जाणार नव्हतं. परवान्याचे अकरा दिवस उरले होते. बायको घरी दाराकडे बघत बसली असणार.

पण समोर मेट्रन लाल तार हातात धरून बसल्या होत्या.

"एका बाळाने," मिस्त्री म्हणाला. "माझं चौथं वर्ष होतं. तार काढायची राहिली. एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन लिफ्टमध्ये शिरत होती. पुढची चाकं आत, मागची बाहेर. लिफ्ट वीतभर वर गेली. बाईने गाडी मागे ओढली. एक चाक वाकलं, बस. बाळ जागंही झालं नाही. मी मात्र नंतर बरेच महिने नीट झोपलो नाही. मग पेटीची कडी तोडली आणि ही स्प्रिंग बसवली."

अधिकाऱ्याने फाईलवर बोट ठेवलं. "मग हे इथे लिहिलंय ते?"

"खोटं आहे."

"सही तुमची?"

"मजकूर माझा नाही. सही माझी. म्हणजे खोटं माझंच."

"खोटी माहिती दिली तर अर्ज बाद, असा नियम आहे." अधिकाऱ्याने फाईल मिटली. खरं बोलणारा माणूस सापडला की नियम कसे पटकन आठवतात! बाकीच्या सहा निर्दोष सेवा त्याच्या शेजारी निवांत पडल्या होत्या. "अर्ज बाद."

"अर्ज बाद," मेट्रन म्हणाल्या. "माणूस बाद, असं कुठे लिहिलंय? आज पाचपर्यंत अर्ज घ्यायचे आहेत ना? मग हे दुसरा अर्ज देतील. दुसरा कागद आहे का तुमच्याकडे, मिस्त्री?"

मिस्त्रीने पेटीच्या वरच्या कप्प्यातून रेघी कागद काढला. घडीवर ग्रीसचं बोट उठलं होतं. सात ओळींतली पाचवी ओळ लाल रेघांनी खोडलेली, आणि सरांनी इतक्या जोमाने खोडलेली की कागदावर नजर गेली की पहिली तिथेच जायची. आयुष्यात सरांच्या हातून एक काम नीट झालं ते हे. मिस्त्रीने टेबलावरचं पेन घेतलं, खाली लिहिलं, 'खोडलेलं खरं आहे', आणि पुन्हा सही केली. हे पेन अडलं नाही.

बाहेर आला तेव्हा निळ्या फायली मान उंचावून बघत होत्या. "काय विचारलं, काका?"

"पेटी बंद करून दाखवा म्हणाले."

ते सगळे हसले. 'बघा, हमालच समजले,' असं कोणीतरी म्हणालं. मिस्त्रीने तार ओवली, पेटी उचलली आणि जिन्याने खाली उतरला.

*

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा परवान्याचे तीन दिवस शिल्लक होते. बायकोने ते आधी देवापुढे ठेवलं, मग उचलून दोनदा वाचलं, मग कपाटातली दोन्ही नवी कुलपं काढून शेजारणीला देऊन टाकली. संध्याकाळी पेटीजवळ बसून तिने झाकण दोन-तीनदा दाबून पाहिलं.

"सांगितलं असतंत तर कुलपांचे पैसे वाचले असते," एवढंच म्हणाली.

सर आले. मेहुणी आली. सगळी हकिकत ऐकून सर क्षणभर गप्प झाले. तो क्षण खरोखर जपून ठेवण्यासारखा होता. मग त्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे माझ्या लाल पेनामुळे झालं!"

"तुमच्याचमुळे," मिस्त्रीची बायको म्हणाली. "तुम्ही खोडलं नसतंत तर कोणाच्या नजरेलाही पडलं नसतं. आता सगळंच खोडत चला, सर."

"ताई, तू ना!" मेहुणी म्हणाली. पण सर ऐकत नव्हते. त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी टिपून घेतलं होतं.

काय टिपलं ते दीड महिन्याने कळलं. मिस्त्री चार नंबरच्या लिफ्टचं दार जुळवत होता. पाटी निघाली होती, आयाबाई कुबडी टेकत कामावर यायला लागल्या होत्या आणि येता-जाता 'मिस्त्री, पेटी मिटली का?' असं विचारून मगच आत पाय टाकत होत्या. मेट्रन हातात कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या.

"रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आचारी हवाय. अर्ज आलेत. वाचा जरा."

मिस्त्रीने हात पुसून वरचा अर्ज घेतला. 'सामूहिक पोषण व्यवस्थेचे सर्वंकष व्यवस्थापन. वाचन, संगीत, प्रवास.' आणि खाली, ठळक अक्षरात, वर लाल रेघेने व्यवस्थित खोडून : 'चौथ्या वर्षी माझ्या हातून तार राहून गेली. कोणाला लागलं नाही. खोडलेलं खरं आहे.'

दुसरा अर्ज घेतला. तोही आचारी. त्याचीही चौथ्या वर्षी तार राहिली होती. तिसऱ्याचीही. तिसरा नुकताच कामाला लागला होता, त्याची दोनच वर्षं झाली होती, तरी चौथ्या वर्षी राहिली होती.

"तुमच्या ओळखीचं कोणी?" मेट्रननी विचारलं.

"साडू," मिस्त्री म्हणाला. त्याने कागद उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं. "ही माणसं स्वयंपाक करत असतील तर कधीतरी मीठ दोनदा पडलं असेल त्यांच्या हातून. तेवढं लिहिलं असतं तर घेतलं असतंत?"

"लगेच."

"मग त्यांना बोलवा आणि मीठ विचारा. कागद मला द्या."

"कशाला?"

"ग्रीस पुसायला." त्याने तीन अर्ज घडी करून खिशात घातले, दाराच्या कुलपावरची लाल तार काढली, झाकणातून ओवली. पेटी बंद झाली.